जवळचा हात, लांबचा डॉक्टर

आमच्या पंचक्रोशीत कोणाला कॅन्सर निघाला की घरची माणसं एकदा तरी माझ्याकडे येऊन जातात. मी डॉक्टर नाही. परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. २०१९ मध्ये डाव्या स्तनात गाठ निघाली. किमो, ऑपरेशन, मग शेक म्हणजे रेडिएशन, असं सगळं मुंबईत परळच्या रुग्णालयात होऊन मी घरी आले. आता रोज एक गोळी घेते आणि चारचौघींसारखी राहते. केस परत कधी येतात, प्लेटलेट वाढायला पपईच्या पानांचा रस द्यावा का, मुंबईत उतरायचं कुठं, असे प्रश्न लोक मला विचारत आले आहेत. अलीकडे त्यांत एका प्रश्नाची भर पडली आहे. "बाई, डॉक्टर म्हणाले पुढच्या वेळी यायची गरज नाही, व्हिडिओ कॉलवर बघू. आपल्याला टाळत तर नसतील?"

या प्रश्नातली भीती मला चांगली कळते. या आजारात पेशंट डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे टक लावून बसलेला असतो. भुवई जरा वर गेली तरी त्याची झोप उडते. अशा माणसाला डॉक्टरांनीच "येऊ नका" म्हटलं की पोटात गोळा येतो. आपली केस हाताबाहेर गेली म्हणून बोलवत नाहीत, असंही काहींना वाटतं. काही जण मात्र ते ऐकून अक्षरशः हात जोडतात. एक फेरी वाचली म्हणून.

ती फेरी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. परभणीहून मुंबई रेल्वेने साडेपाचशे किलोमीटर. रात्री देवगिरी एक्स्प्रेसने निघायचं, सकाळी दादरला उतरायचं आणि फाईल छातीशी धरून गर्दीतून पुलाचा जिना चढायचा. रेल्वे कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी आणि तपासणीसाठी चांगली सवलत देते. स्लीपर आणि थ्री टायर एसीत पेशंटचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट. पण सवलत असते ती तिकिटाला. सोबत येणाऱ्या मुलाचा बुडालेला रोज, ऐन काढणीत उभं राहिलेलं सोयाबीन, शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडलेली लेकरं, यांना सवलत नाही. मुंबईत राहायचं कुठं, हा त्यापुढचा प्रश्न. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी आजवर असंख्य पेशंटना आणि नातेवाइकांना आसरा दिला आहे. तरीही परळला फुटपाथवर पथारी टाकून बसलेली कुटुंबं दिसतात, कारण देशभरातून माणसं येतात आणि जागा अपुरी पडते. माझी नणंद डोंबिवलीला असल्यामुळे मला ती चिंता नव्हती. पण काखेतल्या गाठी काढलेला हात सांभाळत सकाळच्या लोकलमध्ये उभं राहणं काय असतं, ते मी भोगलं आहे. आणि इतकं करून आत गेल्यावर बोलणं होतं पाच-सात मिनिटं. त्यात डॉक्टरांचाही दोष नाही. दाराबाहेरची रांग त्यांनाही दिसत असते.

आता त्या पाच-सात मिनिटांत काय होतं, ते पाहू. स्तनाच्या कॅन्सरचे मुख्य उपचार संपले की साधारणपणे पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी असते, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी, आणि नंतर वर्षातून एकदा. मॅमोग्राफी वर्षाला एक. डॉक्टर विचारतात: पाठ किंवा हाडं दुखतात का, खोकला आहे का, वजन उतरलं का, गोळीने अंगाची लाही होते का. मग दोन्ही बाजू, काख, गळ्याच्या हाडाच्या वरचा खळगा, पोट हातांनी चाचपून पाहतात. हाताला सूज आहे का बघतात. रिपोर्ट वाचतात, गोळी पुढे लिहून देतात. यातलं विचारणं, रिपोर्ट वाचणं आणि गोळी लिहून देणं फोनवर नीट होतं. चाचपणं मात्र फोनवर होत नाही. आणि पेशंटचा विश्वास बसतो तो नेमका त्या चाचपण्यावर. डॉक्टरांचा हात फिरून ते "काही नाही" म्हणाले की पुढचे काही महिने आपले. पडद्यावरून म्हटलेलं "काही नाही" त्याच्या निम्म्यानेही पुरत नाही.

भारतात फोनवरच्या तपासणीला स्पष्ट नियम मिळाले ते २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे ज्या दिवशी देशभर लॉकडाऊन लागला त्याच दिवशी. त्या मार्गदर्शक सूचनांनी व्हिडिओ, फोन आणि मेसेज अशा तिन्ही मार्गांनी नोंदणीकृत डॉक्टरांना सल्ला देण्याची मुभा दिली. एकदा समोर तपासून सहा महिन्यांच्या आत त्याच आजारासाठी पुन्हा बोलणं झालं तर त्याला फॉलोअप धरलं. आणि एक गोष्ट लिहून ठेवली, जी आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे: असा कॉल कोणत्याही टप्प्यावर थांबवण्याचा हक्क पेशंटला आहे. समोर येऊन दाखवायचं आहे, असं सांगायला संकोच करायचं कारण नाही.

तो काळ आठवला की आजही अंगावर काटा येतो. राष्ट्रीय कर्करोग ग्रिड या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्यातल्या ४१ केंद्रांची आकडेवारी नंतर प्रसिद्ध झाली. २०१९ च्या मार्च ते मे या तीन महिन्यांत तिथे १,१२,२७० नवे पेशंट नोंदले गेले होते. २०२० च्या त्याच तीन महिन्यांत ५१,७६०. फॉलोअपच्या भेटी ६,३४,७४५ वरून ३,४०,९८४ वर आल्या. जे घरी राहिले, त्यांच्यातली मीही एक. शेक फेब्रुवारीत संपला होता आणि उन्हाळ्यात पहिली तपासणी होती. ती फोनवर झाली.

डॉक्टर मनापासून बोलल्या. हात डोक्यावर जातो का दाखवा म्हणाल्या, मी दाखवला. बोटं सपाट ठेवून गोल फिरवत स्वतः कसं चाचपायचं, ते त्यांनी समजावून सांगितलं. मी त्याप्रमाणे केलं आणि टाक्यांच्या व्रणाच्या खालच्या बाजूला हरभऱ्याएवढं काहीतरी कडक लागलं. तिथून पुढे आम्हा दोघींचीही पंचाईत झाली. त्यांना ते दिसत नव्हतं, मला ते सांगता येत नव्हतं. हलतं का? कातडीला चिकटलंय का? दुखतं का? मी एका प्रश्नाला हो म्हणायची आणि पुन्हा दाबून पाहिलं की नाही म्हणायची. भीतीने बोटांना काही कळेनासं झालं होतं.

मग त्यांनीच मार्ग काढला. परभणीत कोणी सर्जन ओळखीचे आहेत का, असं विचारलं. दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या नेहमीच्या सर्जनकडे गेलो. त्यांच्या दवाखान्यातल्या सिस्टरने पडदा ओढला, फोन हातात धरला आणि सर्जननी तपासायला सुरुवात केली. मुंबईहून डॉक्टर सांगत होत्या, "थोडं बाहेर, काखेकडे. आता बरगडीवर दाबून बघा." इकडून सर्जन सांगत होते, "हलतंय मॅडम. कडा गुळगुळीत आहेत. वरची कातडी मोकळी आहे." दोघं आपसात बोलत होते आणि मी छताकडे बघत पडले होते. सोनोग्राफी तिथल्या तिथे झाली. ऑपरेशन आणि शेकानंतर आतली चरबी कधी कधी अशी गोळा होऊन कडक बनते, तसंच ते होतं. पुढच्या मॅमोग्राफीतही तेच आलं.

मला या विषयावर जे म्हणायचं आहे, ते या एका प्रसंगात आलं. पेशंटला घरात एकटं फोनसमोर बसवून केलेली तपासणी अपुरी असते, विशेषतः गाठीच्या आजारात. पेशंटच्या बाजूला एक जाणता हात असला तर तीच तपासणी परळच्या ओपीडीच्या जवळ पोचते.

जाणता हात नसला की काय होतं, ते बायकांकडून ऐका. माझ्या ओळखीतल्या एका मावशींनी व्हिडिओ कॉल घ्यायला सरळ नकार दिला. स्मार्टफोन मुलाचा. कॉल लावणार तो, धरणार तो. "पोराच्या हातात फोन आणि मी छाती उघडी करू?" असं त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. सून होती, पण तिच्यासमोरही त्यांना ते जमेना. डॉक्टरांनी व्रणाचा फोटो पाठवायला सांगितला, तर तो फोटो फोनमध्येच राहील, नातू फोनवर खेळतो, ही दुसरी धास्ती. दोन खोल्यांच्या घरात पेशंटला एकांत मिळत नाही, आणि ओपीडीतल्या हिरव्या पडद्याआड तो हमखास मिळतो. डॉक्टर मंडळींनी हे लक्षात घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शरीर दाखवायचं असेल तर फोन कोण धरणार, हे आधी विचारा.

पुरुषांचं दुःख वेगळं. आमच्याकडे तंबाखू-गुटख्याने तोंडाचा कॅन्सर उदंड. माझ्या एका मावसदिरांची अर्धी जीभ काढून तिथे मांडीचं मांस बसवलं आहे. ते बोलतात ते त्यांच्या बायकोला कळतं, मला निम्मं कळतं, फोनवर कोणालाच कळत नाही. समोरासमोर असले की डोळे, हातवारे, डोक्याची हालचाल यांनी भागतं. फोनवर आवाज तुटतो आणि उरतं ते नुसतं पुटपुटणं. मी त्यांना शाळेतली पाटी दिली होती. त्यांनी तीवर लिहून कॅमेऱ्यासमोर धरलं, पण स्वतःच्या पडद्यावर त्यांना अक्षरं उलटी दिसली, म्हणून घाईघाईने पुसून ते पुन्हा लिहायला लागले. पलीकडून डॉक्टर "काका, वाचता येतंय, पुसू नका" म्हणत होते. शेवटी वहिनी त्यांच्या वतीने बोलायला लागल्या आणि ते चिडून उठून गेले. तोंड दोन बोटंच उघडतं. आत टॉर्च मारून फोनवर काय दिसणार? ज्यांची जीभ किंवा स्वरयंत्र काढलेलं आहे, त्यांना फोनवरची तारीख देऊच नये, असं माझं ठाम मत आहे. त्यांनी स्वतःहून मागितली तर गोष्ट निराळी.

वाईट बातमी कशी सांगावी, याबद्दल मात्र पेशंटचंच एकमत नाही. एका ताईंना आजार उलटल्याचं फोनवर कळलं तेव्हा त्या एसटीत उभ्या होत्या. ज्या रुग्णालयातून फोन आला, तिथल्या कोणी "आत्ता बोलता येईल का" एवढंही विचारलं नव्हतं. त्या अजूनही ते विसरलेल्या नाहीत. उलट दुसऱ्या एकीचं म्हणणं असं, की बरं झालं घरी कळलं, आडवं होऊन रडता आलं. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये लोकांसमोर रडावं लागलं नाही. मी पहिल्या बाजूची आहे. अशी बातमी समोर बसून सांगावी, पाणी पुढे करायला कोणी असावं, असं मला वाटतं. पण माझं मत दुसऱ्यावर लादू नये. स्कॅनला पाठवतानाच डॉक्टरांनी विचारून ठेवावं: रिपोर्ट आल्यावर फोनवर सांगू, की येता? एका वाक्याचा प्रश्न आहे.

आणखी एक गोष्ट पेशंट फारशी बोलून दाखवत नाहीत, पण तिची उणीव त्यांना भासते. ओपीडीतला बाक. तिथे शेजारी बसलेल्या बाईची फाईल आपल्यापेक्षा जाड असते, तिचं ऑपरेशन दहा वर्षांपूर्वीचं असतं, आणि ती डब्यातली पोळी-भाजी पुढे करत म्हणते, "खा, रक्त द्यायचं झालं ना?" दहा वर्षं जगलेली बाई डोळ्यांनी पाहणं हे औषध कोणत्याही कॉलवर मिळत नाही. घरी वाट बघणं फार एकट्याचं असतं. अकराची वेळ दिलेली असते, तीन वाजेपर्यंत फोन वाजत नाही. नेटवर्क जाईल म्हणून पेशंट खिडकी सोडत नाही, आंघोळीलाही जात नाही.

आता ज्यांना फोनवरची तारीख मिळाली आहे, त्यांच्यासाठी कामाचं सांगते. सीटी स्कॅनची फिल्म खिडकीच्या काचेवर किंवा ट्यूबलाइटसमोर धरून काढलेला फोटो पाठवू नका, त्यावरून डॉक्टरांना निदान करता येत नाही. सीडी किंवा सेंटरची ऑनलाइन लिंक मागून घ्या, आणि टाइप केलेल्या रिपोर्टचं प्रत्येक पान सरळ, सावली न पाडता पाठवा. चालू गोळ्यांची पाकिटं समोर मांडून बसा. विचारायचं ते वहीत लिहून ठेवा, कारण फोनवर डॉक्टर "ठीक आहे" म्हणाले की बोलणं संपतं. उठता उठता "आणखी एक राहिलं" म्हणायची सोय नसते. मिळालेल्या चिठ्ठीवर डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक आहे का बघा, नाहीतर दुकानदार औषध देताना खळखळ करतो. आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: किमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर व्हिडिओ कॉलच्या तारखेची वाट पाहायची नाही. पांढऱ्या पेशी खाली असताना ताप म्हणजे तातडीची स्थिती. जवळच्या मोठ्या दवाखान्यात तत्काळ जायचं आणि तिथून फोन करायचा.

सगळ्यांत जास्त जीव तुटतो तो शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटसाठी. ज्यांना कुशीवर वळवायलाही माणूस लागतो, त्यांच्यासाठी घरबसल्या डॉक्टर मिळणं हे वरदानच. वेदना कशी कमी करावी, जखमेचा वास कसा कमी करावा, नाकातली नळी कशी धुवावी, हे सगळं फोनवर सांगता येतं आणि चांगले डॉक्टर, सिस्टर ते जीव ओतून सांगतात. पण मॉर्फिन? २०२० च्या त्याच सूचनांत अमली पदार्थ कायद्याखालची औषधं फोनवरून लिहून देण्यास मनाई आहे, आणि मॉर्फिन त्यांत मोडतं. गैरवापर होऊ नये हा हेतू योग्यच आहे. तरी ज्याला प्रवास सर्वांत अशक्य, त्याच्याच औषधासाठी घरच्यांना कागद घेऊन पुन्हा केंद्रावर जावं लागतं, आणि आमच्या जिल्ह्यातून ते केंद्र लांब असतं. ओळख पटलेल्या, नोंदलेल्या पेशंटपुरता तरी यातून सुरक्षित मार्ग काढता आला पाहिजे. वेदनेने तळमळणारा माणूस रात्रभर ऐकलेल्या कोणत्याही घराला हे पटेल.

जवळचा हात कुठून आणायचा, असं कोणी म्हणेल. तो सरकारने आधीच नेमलेला आहे. ई-संजीवनी योजनेत २०१९ पासून अशीच रचना आहे: गावच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी पेशंटजवळ बसतो आणि पडद्यावर दुसरीकडचा डॉक्टर असतो. या केंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तीस वर्षांवरच्या माणसांचं तोंड, बायकांचे स्तन आणि गर्भाशयाचं मुख तपासून संशयित पेशंट पुढे पाठवण्याचं काम याच केंद्रांवर सोपवलेलं आहे. ज्या हाताला पहिली गाठ शोधायचं शिकवतो, त्याच हाताला उपचार झालेल्या बाईची काख चाचपायला, सुजलेल्या हाताचा घेर टेपने मोजायला शिकवणं अवघड नाही. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सर डे केअर केंद्रं उभारण्याची घोषणा झाली, त्यांतली २०० पहिल्या वर्षीच. किमोची सलाईन तिथे मिळेल. त्याच्याच शेजारी एक छोटी खोली, दाराला पडदा, चांगला प्रकाश, आणि फोन धरणारी प्रशिक्षित सिस्टर असायला हवी. तिथे बसून मुंबईच्या, नागपूरच्या, संभाजीनगरच्या डॉक्टरांशी बोललं तर मावशींना मुलासमोर लाजावं लागणार नाही, आणि माझ्या दिरांचं बोलणं डॉक्टरांना समजावून सांगायला रोज असे पेशंट ऐकणारं कोणीतरी असेल.

म्हणून जे वाचक पेशंट आहेत किंवा पेशंटच्या घरचे आहेत, त्यांना माझं दोन गोष्टींचं सांगणं आहे. पुढच्या तारखेला जाल तेव्हा डॉक्टरांना विचारा, की यापुढच्या कोणत्या तपासण्या फोनवर चालतील, कोणत्या समोरच व्हाव्यात, आणि फोनवरच्या तपासणीच्या वेळी आमच्या गावात आम्हाला हात लावून कोण बघेल. उत्तर फाईलवर लिहून घ्या. आणि आपल्या जिल्हा रुग्णालयात डे केअर केंद्र सुरू झालं असेल किंवा होणार असेल, तर जिल्हा शल्यचिकित्सकांना अर्ज देऊन ही खोली मागा. आमच्या गावातून आम्ही तो अर्ज दिला आहे.